पाणी संपतं ती जागा

आफ्रिकेला जायचं ठरलं ते टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातल्या एका वास्तुशांतीला. घर नवंकोरं, पाच बेडरूमचं, आणि ते पाहून झाल्यावर आम्हा चार जोडप्यांकडे बोलायला काही उरलं नव्हतं. ग्रँड कॅन्यन सगळ्यांचं झालं होतं. यलोस्टोन झालं होतं. अलास्काची क्रूझ दोन घरांची झाली होती आणि उरलेली दोन घरं ती न केल्याबद्दल गप्प होती. अशा वेळी घराचा मालक म्हणाला, "आता बोट्स्वाना."

त्याच्या ऑफिसातला एक गोरा साहेब तिथे जाऊन आला होता. एवढं कारण पुरेसं होतं. तो देश नकाशावर दाखव म्हटलं असतं तर मी सगळ्या आफ्रिकेवरून बोट फिरवलं असतं, आणि बाकीच्या सात जणांची स्थिती माझ्याहून बरी नव्हती. पण "फार कोणी जात नाही यार, एकदम एक्स्क्लुझिव्ह आहे" हे ऐकल्यावर कुणाच्या मनात शंका उरली नाही. आम्हाला हत्ती बघायचे नव्हते. हत्ती बघून आलेले लोक व्हायचं होतं.

घराच्या मालकाला आम्ही कप्तान म्हणायचो. खरं नाव सांगत नाही, कारण तो अजून भेटतो. कप्तान पुण्याचा, आणि कुठलीही गोष्ट एक्सेल शीटमध्ये गेल्याशिवाय ती घडते यावर त्याचा विश्वास नव्हता. बोट्स्वानाच्या शीटला अकरा पानं होती. मलेरियाच्या गोळ्या, दुर्बिणी, कुणी कुठला कॅमेरा आणायचा, कुणी कुठला खाऊ करायचा. जे प्राणी दिसायला हवेत त्यांचीही यादी होती आणि पुढे बरोबरची खूण करायला चौकोन होते. जंगलातल्या कॅम्पवर बारा वर्षांखालची मुलं घेत नाहीत असं कळलं. आमच्यात मिळून पाच मुलं, सगळ्यात मोठं नऊ वर्षांचं. कप्तानने लगेच 'मुलं' असं एक पान केलं. त्यात एकच शब्द होता: काकू.

काकू म्हणजे माझी आई. ती तेव्हा वर्ध्याला होती आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं.

मी तिला फोन केला. म्हटलं, ये गं आता सहा महिने, आराम कर. आमच्याकडे आईवडलांना आरामालाच बोलवायची पद्धत आहे. पहिल्या बाळंतपणाला आराम, दुसऱ्या बाळंतपणाला आराम, मूल डे-केअरमध्ये आजारी पडायला लागलं की आणखी थोडा आराम. मग परत जाताना विमानतळावर ती माणसं इतकी थकलेली असतात की व्हीलचेअर मागावी लागते. आई मे महिन्यात आली. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, तिची शाळेतली नोकरी संपून दोन. टेक्सासच्या उन्हाला तिने नावं ठेवली नाहीत. विदर्भातली बाई ती, तिला आमच्या प्लेनो गावचा उन्हाळा म्हणजे मार्च वाटला.

तिला मी चार दिवसांनी, जरा इकडचं तिकडचं बोलून, सांगितलं की जुलैत आम्ही आठ-दहा दिवस बाहेर जाणार आहोत आणि मुलं आपल्याकडे असतील. पाचही. ती भाजी निवडत होती.

"कुठे जाताय?"

"बोट्स्वाना म्हणून आहे. आफ्रिकेत."

आईने भाजी बाजूला ठेवली. हात धुतले. माझ्या सात वर्षांच्या मुलीचा एक खडूफळा जेवणाच्या टेबलाजवळ उभा असायचा. त्यावरची मांजर तिने परवानगी मागून पुसली आणि हात न उचलता आफ्रिका खंडाचा दक्षिणेकडचा अर्धा भाग काढला. देशांच्या सीमा काढल्या. अंगोलातून एक नदी निघाली, खाली आली, बोट्स्वानात शिरली, तिचे फाटे झाले आणि ते तिथेच थांबले.

"ही ओकावांगो," आई म्हणाली. "ही समुद्राला मिळत नाही."

एकतीस वर्षं तिने भूगोल शिकवला होता. पुस्तकात या नदीला दोनच ओळी होत्या. पण दर वर्षी एक तरी मुलगी हात वर करायची आणि विचारायची, बाई, मग पाणी जातं कुठे? आई सांगायची, वाळूत जिरतं. "एकतीस वर्षं सांगितलं," ती म्हणाली, "आणि दर वेळी वाटायचं, आपण न बघता सांगतोय. मला ती पाणी संपतं ती जागा एकदा बघायची होती." मग तिने पुन्हा भाजी घेतली.

मी "हो का" म्हटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. कप्तान इंटरनेटवरून पानंच्या पानं छापून आणत होता, आणि त्यातलं सगळं माहीत असलेली बाई माझ्या घरी मेथी निवडत होती. पण आमच्या शीटमध्ये तिचं पान वेगळं होतं.

बोट्स्वानाचा व्हिसा पोस्टाने आठवड्यात आला. आम्ही मोठे हुरळलो. निघायला तीन आठवडे असताना मी सगळे पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर मांडले, आणि आई सवयीने ते तपासायला बसली. बोर्डाच्या परीक्षेआधी ती मुलींची हॉलतिकिटं अशीच तपासायची. नवऱ्याच्या पासपोर्टावर ती थांबली.

"जावईबापूंचा हा अमेरिकेचा शिक्का मागच्या नोव्हेंबरात संपलाय ना?"

वर्क व्हिसावाल्यांचं हे एक त्रांगडं असतं. अमेरिकेत राहायची परवानगी एका कागदावर असते आणि बाहेर गेलं तर परत आत यायची परवानगी पासपोर्टातल्या शिक्क्यावर. कागद इथल्या इथे वाढवून मिळतो. शिक्का मिळत नाही. त्यासाठी देशाबाहेर जाऊन अमेरिकेच्याच वकिलातीत हात जोडून उभं राहावं लागतं. नवऱ्याने नोकरी बदलली, नवा कागद आला, तो त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवला आणि आपण कायदेशीर आहोत या आनंदात राहिला. माझा शिक्का मी आदल्या डिसेंबरात भारतात जाऊन घेतला होता. तेव्हा त्याच्या ऑफिसात काहीतरी रिलीज होतं, म्हणून तो आला नव्हता.

अकरा पानांच्या शीटमध्ये बोट्स्वानात कसं शिरायचं याचा रकाना होता. अमेरिकेत परत कसं शिरायचं याचा नव्हता. कप्तानला फोन केला. तो म्हणाला, "जोहान्सबर्गला स्टॅम्पिंग करून घेऊ." कंपनीच्या वकिलाने सांगितलं, अडकलात तर महिना-दोन महिने तिथेच बसाल, मग नोकरीचं आम्हाला विचारू नका. वाघसिंहांना भ्यायचं राहिलं बाजूला, आमचं घोडं इमिग्रेशनच्या काउंटरवरच पेंड खात होतं. नवऱ्याचं जाणं कॅन्सल झालं. त्याच्या जागेचे पैसे परत मिळणार नव्हते, पण नाव बदलून चालणार होतं.

आता घरात एकच माणूस असं होतं की ज्याचे जायचे आणि यायचे सगळे कागद धड होते. आईच्या पासपोर्टावर दहा वर्षांचा, हवं तितक्या वेळा ये-जा करायचा शिक्का होता. बोट्स्वानाचा व्हिसा आठवड्यात मिळत होता आणि आमच्या हातात तीन आठवडे होते. हे मी नंतर हिशेब करून सांगत नाहीये. मला तेव्हाच माहीत होतं.

त्या रविवारी कप्तानकडे जेवण होतं. आई पुऱ्या तळत होती, कारण ती जिथे जाईल तिथे कुणीतरी तिच्या हातात झारा द्यायचं आणि "काकू, तुमच्यासारख्या फुगत नाहीत हो" म्हणायचं. अमेरिकन घरांत स्वयंपाकघराला भिंत नसते. बाहेर बसलेल्यांचा शब्दन् शब्द ओट्यापाशी ऐकू जातो.

रिकाम्या जागेवर कोण, हा विषय निघाला. ग्रुपमध्ये एक डेंटिस्ट होती, नागपूरचीच, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "काकूंनाच न्या की. त्या तरी काही सांगतील तिथे."

सगळे हसले. मला आठवतं, आईने गॅस बारीक केला.

"अगं, मग मुलांचं काय?" कप्तानची बायको म्हणाली.

"मी आहे ना घरी," माझा नवरा म्हणाला. "आईंना जाऊ दे. मी सुट्टी घेतलेलीच आहे." त्याच्या आवाजात फार जोर नव्हता, पण वाक्य स्पष्ट होतं.

यावर जास्तच हसले. "पाच मुलं? तू? एकटा? पहिल्या दिवशी नाइन-वन-वन कॉल करशील यार." नवराही हसला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई माझी, नवरा माझा, जागा माझी, तेव्हा बोलायचं मी.

"तिला नाही झेपणार," मी म्हटलं. "किती चालणं, ती लहान विमानं. कंटाळेल ती."

का म्हणाले? लोकांना मी वर्षानुवर्षं सांगत आले की मुलांची सोय दुसरी नव्हती. ते खोटं आहे. खरं हे आहे की मला ते दिवस कुणाचीही आई आणि कुणाचीही मुलगी व्हायचं नव्हतं. खाकी पँट आणि टोपी घालून जीपमध्ये बसायचं होतं. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेली, गाइडला "तुमच्याकडे पर्जन्यमान किती" असं विचारणारी आई मला त्या फोटोंत नको होती. मला तिची लाज वाटत होती, आणि आज त्या लाजेची लाज वाटते.

आईने गॅस मोठा केला आणि पुढची पुरी सोडली.

परतताना गाडीत ती मागे मुलीशेजारी बसली होती. मध्येच म्हणाली, "झेपणार नाही म्हणालीस. रोज सकाळी घरामागच्या तळ्याला चार फेऱ्या मारते मी."

हायवेवर नवरा उगीचच आरसे नीट करत होता.

"चिवडा किती करू?" आईने विचारलं.

तिने भरपूर केला. पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, आणि कैरीचं लोणचं एका काचेच्या बरणीत. सगळं एका मोठ्या निळ्या पिशवीत भरून तिने वर कागद चिकटवला: 'हवा लागू देऊ नये'.

आता बोट्स्वानाबद्दल. देश फार सुंदर आहे असं आमच्याबरोबरचा गाइड म्हणायचा, आणि मला त्याचं म्हणणं खरं वाटतं. आम्ही तिथे सहा दिवस होतो. जीपमध्ये आम्ही ग्रीन कार्डच्या तारखा, फ्रिस्कोतल्या शाळांचं रेटिंग आणि कुणी कुठल्या बिल्डरकडून घर घ्यावं यावर बोललो. गाइड मधूनमधून ओठांवर बोट ठेवायचा. हत्तींचा कळप नदीत उतरला तेव्हा कप्तान लॅपटॉपवर हत्तीपुढे खूण करत होता. झाडावर बिबट्या दिसला. गाइडने इंजिन बंद केलं, सगळं जंगल शांत झालं, आणि त्या शांततेत कप्तानच्या बायकोने शंकरपाळ्यांचं पाकीट फोडलं. प्लास्टिक कर्रकन वाजलं. बिबट्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि तो पलीकडच्या बाजूने उतरून गेला. त्याच्यापुढेही कप्तानने खूण केली. कॅम्पवरच्या आचाऱ्याने आम्ही शाकाहारी म्हणून भोपळ्याचं आणि शेंगदाण्याचं काहीतरी मन लावून शिजवलं होतं. आम्ही त्याच्या हातात छोल्यांची तयार पाकिटं दिली आणि उकळत्या पाण्यात किती मिनिटं ठेवायची ते समजावलं.

पण सांगायचं आहे ते विमानाचं. ओकावांगोच्या पाणथळीतल्या कॅम्पवर जायला रस्ता नसतो. पायलट सोडून आठ माणसं बसतील एवढ्या विमानातून जावं लागतं. सामान मऊ पिशव्यांत आणि मोजकंच. हा नियम शीटच्या नवव्या पानावर होता, ते पान कुणी उघडलं नव्हतं. आमच्या चाकांच्या कडक बॅगा धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये राहिल्या. खाऊची निळी पिशवी सोडायला मात्र कुणी तयार होईना.

"आपण सात, सीट्स आठ," कप्तान म्हणाला. "पेड सीट आहे ती. ठेव तिथे."

अशी ती पिशवी माझ्या शेजारच्या सीटवर गेली. ती खिडकीशी, मी अलीकडे. पायलटने तिला पट्टा बांधला. विमान उडालं आणि हलायला लागलं, आणि लोणच्याची बरणी कलंडून तेल गळतंय असं मला दिसलं. मी ती बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी मांडीवर सरळ धरून बसले. पायलट मध्येच मोठ्याने काहीतरी म्हणाला, खाली बोट दाखवलं. बाकीच्यांनी कॅमेरे काढले, मग एकमेकांचे फोटो काढले. मी झाकणाकडे बघत होते. खाकी पँटवर डाग पडू नये एवढीच माझी इच्छा होती. तो पडलाच.

घरी आलो तर मुलं मजेत होती. नवऱ्याने सुट्टी रद्द केली होती आणि तो रोज ऑफिसला गेला होता. आईने पाचही मुलांना सांभाळलं होतं. एकदाही नाइन-वन-वन लागलं नव्हतं. खडूफळ्यावर नदीचं चित्र होतं आणि त्यावर पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत इंग्रजी नावं.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे फोटोंचा कार्यक्रम झाला. कॅमेरा टीव्हीला जोडला. बाराशे फोटो होते. त्यात आम्ही जीपसमोर, आम्ही तंबूसमोर, आम्ही जेवताना, आणि अधूनमधून कुणाच्या तरी खांद्यामागे एखादा जिराफ. मुलं पुढे सतरंजीवर बसली होती, आई मागे खुर्चीत.

एका फोटोतल्या पाण्याला कप्तानने लेक म्हटलं. "दॅट्स नॉट अ लेक," माझी मुलगी त्याला म्हणाली. "दॅट्स फ्लड वॉटर. इट रेन्ड इन अंगोला मन्थ्स अगो."

"ओके मॅडम," कप्तान म्हणाला.

"डिड यू सी व्हेअर इट एंड्स?" कप्तानच्याच मुलाने विचारलं. "आजी सेज इट जस्ट सिंक्स. इन द सँड."

कप्तानने डेंटिस्टकडे पाहिलं, डेंटिस्टने माझ्याकडे. सहा दिवस जिच्यावरून आणि जिच्यातून आम्ही फिरलो, ती नदी कुठे संपते हे बघितल्याचं आमच्यातल्या एकालाही आठवत नव्हतं. शीटमध्ये तो चौकोन नव्हता. "इट वॉज अ व्हेरी बिग प्लेस, बेटा," कप्तान म्हणाला आणि त्याने घाईने पुढचा फोटो लावला.

त्या फोटोला सगळ्यात मोठा हशा मिळाला. कप्तानने विमानात मागे वळून काढलेला होता. खिडकीशी पट्टा बांधलेली निळी पिशवी, अगदी ताठ, वरचा 'हवा लागू देऊ नये'चा कागद स्पष्ट दिसतोय. शेजारी मी, मान खाली, मांडीवर बरणी.

"इज दॅट आजीज चिवडा?" मुलं ओरडली.

"आमची व्हीआयपी," कप्तान म्हणाला. "पूर्ण सीट दिली होती तिला."

आई उठली. चष्मा लावला आणि मुलांमधून वाट काढत टीव्हीच्या अगदी जवळ गेली. पिशवीच्या मागे काच होती आणि काचेत, जरा धूसर, हिरवे फाटे पसरलेले होते. ते खाली बारीक होत जात होते आणि त्यांच्या टोकाला नुसती तपकिरी वाळू होती. आईने तिथे बोट टेकवलं.

"बघा रे," ती मुलांना म्हणाली. "इथे. पाणी इथे संपतं."

पाचही मुलं उठून तिच्याभोवती उभी राहिली. तिने बोट हळूहळू त्या कडेवरून फिरवलं, जसं ती फळ्यावर फिरवायची. फोटोत मीही तिथेच होते, त्या जागेपासून हातभर अंतरावर, झाकणाकडे बघत. मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटलं, पण सगळे बसले होते म्हणून मीही बसले.

आईने बोट काढलं. पिशवीकडे पाहिलं, मग फोटोतल्या माझ्याकडे, आणि मग वळून माझ्याकडे.

"खिडकीची जागा मिळाली होती की पिशवीला," ती म्हणाली. "बरं झालं. घरातलं कुणीतरी बघून आलं."